कुलुपाबाहेरचे खेळगडी



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमच्या नावापुढे ‘व्हिडिओ गेम’ हा विषय छापलेला पाहून काही जाणत्या मंडळींनी चिटणीसांकडे विचारणा केली, असे आमच्या कानावर आले आहे. ज्या व्यासपीठावरून धर्म, राजकारण, शेती आणि संगीत यांवर बोलले जाते, तेथे पोरांच्या खेळण्याचे काय काम, असा त्या विचारणेचा रोख होता. आम्हांला त्याचा राग नाही. मुलांनी खेळावे की नाही, डोळे बिघडतात की नाही, अभ्यास बुडतो की नाही, या वादात आम्ही आज शिरणार नाही. त्यावर घरोघरी रोज रात्री व्याख्याने होतच असतात, आणि ती फुकट असतात.

आमचा प्रश्न निराळा आहे. तो व्यवहाराचा आहे आणि थोडा न्यायाचाही आहे. एक वस्तू जगात उघड विक्रीला आहे. तुमच्यापाशी पैसे आहेत. तुम्ही दुकानाशी जाता आणि दुकानदार म्हणतो, “तुम्ही कुठले? त्या मुलखातल्या माणसाला आम्ही हा माल देत नाही.” किंवा माल देतो, पण भाव असा सांगतो की महिन्याचा पगार पुढे ठेवावा लागेल. किंवा माल देतो, पैसे घेतो, आणि दोन महिन्यांनी येऊन म्हणतो की, तुमच्या देशाचे नाव आता आमच्या यादीत नाही. अशा वेळी माणसे काय करतात, आणि ते जे काही करतात त्याला चोरी म्हणावे काय, एवढाच आमचा विषय.

प्रथम हे कुलूप म्हणजे काय ते पाहू. पुण्यात घेतलेले पुस्तक नागपुरात उघडते. लंडनहून कोणी आणले तरी उघडते. पुस्तकाला वाचणाऱ्याचा पत्ता कळत नाही. व्हिडिओ गेमला तो कळतो. १९८५ साली निन्टेन्डो या जपानी कंपनीने आपले यंत्र अमेरिकेत आणले, तेव्हा यंत्रात एक आणि प्रत्येक कॅसेटमध्ये एक अशा दोन चिमुकल्या चिपा बसवल्या. कॅसेट लावली की दोघी एकमेकींना खूण विचारीत; खूण पटली तर खेळ सुरू, नाही तर पडदा नुसता लुकलुकत राही. याला कारण होते. दोन वर्षांपूर्वी अमेरिकेतला हा धंदा भिकार कॅसेटींच्या पुरात बुडाला होता, आणि वाटेल त्याने वाटेल ते विकू नये हा कंपनीचा हेतू होता. पण युरोपात ते यंत्र गेले तेव्हा तेथल्या चिपेची खूण वेगळी ठेवली गेली. भेसळ रोखण्यासाठी घातलेले कुंपण असे हळूच मुलुखांच्या वाटणीचे कुंपण झाले.

याच कंपनीच्या पुढच्या यंत्रात तर मौजच होती. जपानी कॅसेट अमेरिकन यंत्रात बसू नये म्हणून यंत्राच्या खाचेत प्लास्टिकचे दोन दात ठेवलेले होते, आणि अडसर तेवढाच होता. अमेरिकेतल्या पोरांनी पकड घेतली, दोन दात मोडले, आणि जपानशी त्यांचा व्यापार सुरू झाला.

पुढे सोनीने १९९४ च्या डिसेंबरात जपानात प्लेस्टेशन काढले. त्याचे कुलूप अधिक हुशार. डिस्कच्या आतल्या कडेला जी नागमोडी रेघ असते तिच्यात चार अक्षरे दडवलेली. जपानची वेगळी, अमेरिकेची वेगळी, युरोपाची वेगळी. घरच्या यंत्रावर डिस्कची नक्कल केली तर बाकी सगळे उतरते, ही रेघ उतरत नाही. त्यामुळे नक्कल केलेली डिस्क चालत नाही हे खरे; पण जपानात रोख पैसे मोजून घेतलेली अस्सल डिस्कही युरोपातल्या यंत्रात चालत नाही. श्रोत्यांनी ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, कारण पुढचा सारा घोळ येथून निघतो. दारावरच्या दरवानाला चोर आणि परगावचा पाहुणा यांतला फरकच शिकवलेला नव्हता. दोघांना एकच काठी.

मग लोकांनी यंत्र उघडून आत एक लहानशी चिप डाग देऊन बसवायला सुरुवात केली. ही चिप दरवानाच्या कानात तीच चार अक्षरे सांगे. तिने पाहुणा आत आला आणि त्याच दारातून चोरही आला. सिडनीतल्या स्टीव्हन्स नावाच्या गृहस्थाने अशा चिपा बसवून दिल्या म्हणून सोनीने त्याच्यावर दावा लावला. तो दावा चढत चढत ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेला आणि २००५ सालच्या ऑक्टोबरात सोनी हरली. त्या देशातल्या ग्राहकहिताच्या सरकारी आयोगानेही या खटल्यात लक्ष घातले होते. परदेशात रीतसर घेतलेली डिस्क आपल्या घरी चालवणे हा गुन्हा कसा, असा त्यांचा मुद्दा होता. पुढे व्यापारी कराराच्या दडपणाखाली तेथे कायदा कडक झाला. पण २००६ च्या त्या दुरुस्तीतसुद्धा, केवळ मुलुखांची वाटणी करण्यासाठी घातलेल्या कुलपाला कायद्याचे संरक्षण नाही, असे लिहून ठेवले गेले. चोर आणि पाहुणा वेगळे आहेत हे त्या विधिमंडळाला दिसले. बऱ्याच विधिमंडळांना ते अजून दिसलेले नाही.

येथवर कुलूप कंपनीचे होते. परंतु कित्येक देशांत कुलूप घरच्याच सरकारने घातले होते, आणि त्या कहाण्या आम्हांला अधिक रंजक वाटतात.

युगोस्लाव्हिया हा देश आता नकाशावर नाही. १९८० नंतरच्या काळात तेथे परकीय चलनाची ओढाताण होती आणि पन्नास जर्मन मार्कांहून अधिक किमतीची वस्तू टपालाने मागवायला मज्जाव होता. कोणताही घरगुती संगणक याहून पुष्कळ महाग. तेव्हा वोया आंतोनिच या अभियंत्याने १९८३ साली एक युक्ती काढली. टीव्हीवर चित्र काढण्यासाठी संगणकात एक वेगळी महागडी चिप लागे. त्याने ती वगळली आणि आकडेमोड करणाऱ्या झेड-८० या साध्या चिपेलाच चित्र काढण्याच्या कामाला जुंपले. म्हणजे जो मुनीम तोच चित्रकार. खर्च एकदम खाली आला. सुटे भाग थोडेथोडे मागवून घरी जोडता येतील असा हा संगणक, आणि त्याचे नाव ‘गालाक्सिया’. त्याच नावाच्या विज्ञान मासिकाने एक खास अंक काढून त्याचा संपूर्ण आराखडा छापला. देयान रिस्तानोविच यांनी तो अंक सिद्ध केला होता. शेपाचशे लोक हा उद्योग करतील अशी अटकळ होती. आठ हजारांहून अधिक लोकांनी भाग मागवले.

खेळ कोठून आणायचे? येथे बेलग्रेडच्या नभोवाणीवरचा झोरान मोदली हा निवेदक पुढे आला. त्या काळी संगणकाचे कार्यक्रम साध्या ध्वनिफितीवर साठवत. वाजवली तर ती किर्रर्र करी. मोदलीने आपल्या कार्यक्रमात सांगायला सुरुवात केली की, आता टेपरेकॉर्डर सुरू करा, आणि मग तीच किर्रर्र हवेतून सोडली. घरोघरी मुलांनी ती फितीवर उतरवून घेतली, फीत संगणकाला लावली आणि पडद्यावर खेळ उभा राहिला. सीमेवरचा जकातदार बिचारा पेट्या उघडून पाहत बसला होता. माल वरून आकाशातून जात होता. आपल्याकडे ज्यांनी कामगार सभेच्या वेळी रेडिओला कान लावले आहेत त्यांनी हे चित्र डोळ्यांपुढे आणावे.

ब्राझीलने १९८४ साली कायदाच केला की देशातली संगणकाची बाजारपेठ देशी उत्पादकांसाठी राखून ठेवायची. हेतू स्वदेशीचा होता, आणि आपल्यापैकी पुष्कळांना तो ओळखीचा वाटेल. परिणाम असा झाला की परदेशी यंत्रांच्या बिनपरवाना नकला तेथे राजरोस तयार होऊ लागल्या. पण त्या कुंपणाच्या आत एक चांगली गोष्टही उगवली. टेकटॉय नावाच्या ब्राझिली कंपनीने सेगा या जपानी कंपनीकडून रीतसर परवाना घेऊन १९८९ पासून ‘मास्टर सिस्टिम’ हे यंत्र तिकडेच बांधायला घेतले. १९९१ मध्ये तिने एका जपानी खेळातला तलवारबहाद्दर काढून टाकला आणि त्याच्या जागी मोनिका ही तेथल्या चित्रकथेतली लाडकी मुलगी बसवली. तिच्या हातात तलवारीऐवजी कापडी ससा दिला, कारण चित्रकथेतही ती त्या सशानेच सगळ्यांना बडवते. हे यंत्र जगात इतरत्र केव्हाच अडगळीत गेले. ब्राझीलमध्ये ते या शतकातही नव्या रूपांत विकले जात राहिले. गरिबाला जुने, स्वस्त आणि आपल्या भाषेतले मिळाले तर तो नव्यासाठी चोरबाजारात धावत नाही, याचा हा पुरावा. आणि उलट पुरावाही तिकडचाच: २०१३ साली प्लेस्टेशन ४ अमेरिकेत ३९९ डॉलरना निघाले, तेव्हा ब्राझीलमध्ये त्याची किंमत लागली ३,९९९ रियाल. तेव्हाच्या दराने ही अमेरिकेच्या साडेचार पटींहून अधिक होते. कंपनीने करांकडे बोट दाखवले. लोक बॅगेत यंत्र घालून आणणाऱ्या प्रवाशाकडे वळले.

चीनने तर २००० साली टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रांवर बंदीच घातली. ती २०१४ मध्ये शांघायपुरती आणि २०१५ मध्ये देशभर उठली. बंदीचे कारण मुलांचे कल्याण. मात्र संगणकावर बंदी नव्हती, तेव्हा पोरे घर सोडून नेट कॅफेत जाऊन बसली. आईच्या नजरेसमोर दिवाणखान्यात खेळणारा मुलगा सरकारने उचलून धुराने भरलेल्या खोलीत नेऊन बसवला, असेच म्हणायचे. त्याआधीच्या दशकात तेथे ‘अभ्यास यंत्र’ म्हणून एक वस्तू अमाप खपे: वर टंकलेखनाच्या कळा, आणि बाजूला कॅसेटची खाच. जॅकी चॅन तिची जाहिरात करी. घेणाऱ्या बापाला, विकणाऱ्याला आणि मुलाला, तिघांनाही ठाऊक होते की खाच कशासाठी आहे. बाप फक्त कळांकडे पाहत असे.

आता घराकडे येऊ. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे जे व्हिडिओ गेम मिळत, ते बहुतांशी निन्टेन्डोच्या यंत्राच्या नकला होत्या. अस्सल यंत्र आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, हाजीअलीच्या हिरापन्नात, पुण्यात बुधवारातल्या तपकीर गल्लीच्या आसपास हिंडलेल्यांना त्या पिवळ्या कॅसेटी आठवत असतील. वर ‘९९९९ इन १’ असे छापलेले. आत खरे खेळ मोजके. बाकी तेच खेळ नाव आणि वेग बदलून पुन्हा पुन्हा. आपल्या देशातल्या एका पिढीने मारिओ आणि कॉन्ट्रा यांची तोंडओळख या फसव्या कॅसेटीतून करून घेतली. त्या पिढीतले कित्येक आज संगणकाच्या धंद्यात नाव काढून आहेत. नकलेचे समर्थन म्हणून हे आम्ही सांगत नाही. त्या वेळी अस्सल वस्तू विकणारे दुकान बहुतेकांच्या आसपास नव्हतेच, आणि ज्या दुकानाचे दारच नाही त्याचे गिऱ्हाईक पळवले असे म्हणता येत नाही, इतकेच आमचे म्हणणे.

कोणी म्हणेल, ते दिवस गेले. आता दुकाने आली. आली खरी. प्लेस्टेशन ५ अमेरिकेत १२ नोव्हेंबर २०२० रोजी निघाले आणि आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ रोजी. तिकडे ४९९ डॉलर, म्हणजे त्या वेळचे साडेछत्तीस हजार रुपये आणि वर त्या त्या राज्याचा विक्रीकर. इकडे ४९,९९० रुपये. २०२२ च्या अखेरीस त्याचे ५४,९९० झाले. आणि त्यावरचा एकेक मोठा नवा खेळ तेव्हा तिकडे ७० डॉलर, इकडे ४,९९९ रुपये. हा भाव वरकरणी समान होता. पण अमेरिकेतल्या केंद्रीय किमान वेतनाने, म्हणजे तासाला सव्वासात डॉलरने, काम करणारा पोरगा दहा तासांत तो खेळ कमावतो. महाराष्ट्रात २०२४-२५ साली रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला २९७ रुपये होता. हिशेब करा, सतरा दिवस. रोजगार हमीवरचा माणूस प्लेस्टेशन घेणार आहे असे कोणी म्हणत नाही, पण समान भाव म्हणजे समान ओझे नव्हे, हे दाखवायला दुसरे माप आमच्यापाशी नाही.

यावर उपाय एकच, तो म्हणजे मुलूख पाहून भाव लावणे. आणि येथे, श्रोतेहो, आम्हांला कुलपाच्या बाजूने बोलावे लागते. संगणकावरच्या खेळांचे स्टीम नावाचे जे मोठे दुकान आहे, त्याने २०१५ साली भारतासाठी रुपयांत किमती लावल्या, आणि कित्येक खेळ येथे अमेरिकेहून स्वस्त मिळू लागले. अशी सवलत देणाऱ्याला कुंपण घालावेच लागते. नाही तर अमेरिकेतला गिऱ्हाईकही पुण्याचा पत्ता सांगून त्याच भावाने नेईल. ही काल्पनिक भीती नाही. अर्जेंटिनात महागाई उसळली, तेथले चलन घसरत गेले आणि स्टीमवरच्या पेसोतल्या किमती डॉलरच्या मानाने अगदी मातीमोल झाल्या. मग व्हीपीएन नावाची जी युक्ती आहे, जिने तुमचा संगणक दुसऱ्याच देशात असल्याचे भासवता येते, ती वापरून भल्या श्रीमंत देशांतले लोक अर्जेंटिनाचे रहिवासी बनले. तुर्कस्तानचेही तेच झाले. अखेर २० नोव्हेंबर २०२३ पासून त्या दोन्ही देशांत स्टीमने स्थानिक चलन बंद करून डॉलरचे भाव लावले. चलनाची अस्थिरता हे कारण दिले. कित्येक खेळ एका रात्रीत कित्येक पटींनी महागले. ब्यूनस आयर्समधला विद्यार्थी, जो खरोखर तेथेच राहत होता, तो दुकानाबाहेर पडला.

शिधावाटपाच्या रांगेत मोटारीतून उतरून उभा राहणारा मनुष्य आपण पाहिलेला आहे. व्हीपीएनचे समर्थन करताना पुष्कळ तरुण मित्र या माणसाला विसरतात. भिंत चढून आत येणारा आणि भिंत उतरून गरिबाच्या ताटातले उचलणारा यांची युक्ती एकच असली तरी कृती एक नाही.

म्हणून आम्ही कुलपांचे दोन वर्ग करतो. सवलतीचे रक्षण करणारे कुलूप आम्हांला मान्य आहे. पण ज्या कुलपामागे सवलत नाही, माल नाही, नुसता नकार आहे, त्याचे काय?

निन्टेन्डोचेच घ्या. तिचे ऑनलाइन दुकान भारतासाठी उघडलेले नाही. यंत्र आयात करणाऱ्या व्यापाऱ्याकडून घ्यावे लागते, तो सांगेल त्या भावाने. खेळ उतरवून घ्यायचा तर मुलगा खात्यावर अमेरिकेचे नाव लावतो, आणि येथले बँकेचे कार्ड अडले की तिकडचे भेटकार्ड कोणा दलालाकडून वर चार पैसे देऊन घेतो. पाहा, हा मुलगा पूर्ण किंमत देतो, दलाली देतो, आयातीवरचा करही यंत्राच्या किमतीतून देतो. आणि एवढे करून नियमाच्या भाषेत तो खोटा पत्ता देणारा ठरतो. इतके पैसे मोजून गुन्हेगार होणारा मनुष्य आम्ही तरी दुसऱ्या धंद्यात पाहिलेला नाही.

याच कंपनीने २०२५ साली ‘स्विच २’ काढले तेव्हा जपानात त्याचे दोन प्रकार ठेवले. सर्व भाषांचे यंत्र ६९,९८० येनला. आणि फक्त जपानी भाषेत चालणारे, जपानचेच खाते लागणारे यंत्र ४९,९८० येनला. घरच्या माणसाला स्वस्त द्यायचे आणि परदेशी व्यापाऱ्याने ते उचलून नेऊ नये, यासाठी कुंपण घातले ते भाषेचे. आम्हांला ही युक्ती फार मार्मिक वाटली. ज्याला जपानी येते त्याला वीस हजार येनची सवलत! आपली भाषा येणाऱ्याला कोणी कधी सूट दिल्याचे आम्हांला स्मरत नाही.

विकून झाल्यावर दार लावण्याचा प्रकार याहून वाईट. ‘हेलडायव्हर्स २’ हा खेळ फेब्रुवारी २०२४ मध्ये संगणकावर जगभर विकला गेला. मे महिन्यात सोनीने जाहीर केले की, यापुढे प्लेस्टेशनचे खाते जोडल्यावाचून तो खेळता येणार नाही. आणि ते खाते तर शंभराहून अधिक देशांत काढताच येत नव्हते. एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुएनिया हे युरोपीय संघातले देशही त्यात होते, फिलिपिन्ससारखा मोठा देशही होता. मग त्या देशांत विक्री थांबली. ज्यांनी घेतला होता त्यांनी काय करायचे? त्यांनी स्टीमवर प्रतिकूल अभिप्राय लिहायला सुरुवात केली. दोन-तीन दिवसांत दोन लाखांवर अभिप्राय पडले. गंमत अशी की, लिहिणाऱ्यांत ज्यांना खाते सहज काढता येत होते असे अमेरिकन आणि इंग्रजही होते. आपला खेळगडी बाहेर राहतो, तर आम्हीही खेळत नाही, असा त्यांचा पवित्रा. कंपनीने हुकूम मागे घेतला. विक्री मात्र त्या देशांत लगेच पूर्ववत झाली नाही.

आमच्या स्वतःच्या सरकारचे नावही येथे घेतले पाहिजे, नाही तर भाषण एकांगी होईल. गलवानच्या चकमकीनंतर, २ सप्टेंबर २०२० रोजी, केंद्र सरकारने जी ११८ ॲप बंद केली त्यांत ‘पबजी मोबाइल’ होते. हा खेळ खेड्यापाड्यांत पोचला याचे कारण साधे: यंत्र वेगळे घ्यावे लागत नव्हते, हातातला फोनच पुरे, आणि खेळ फुकट. सुरक्षेचा निर्णय योग्य की अयोग्य हे ठरवण्याची माहिती आमच्यापाशी नाही. राष्ट्राच्या सुरक्षेपुढे खेळ लहानच. पण ज्या मुलांनी त्यात पोशाखांवर आणि बंदुकांवर पैसे घातले होते, त्यांना ते परत कोण देणार, याविषयी त्या हुकमात एक अक्षर नव्हते. तोच खेळ २०२१ च्या जुलैत नवे नाव घेऊन भारतात आला, २०२२ च्या जुलैत पुन्हा दुकानातून गेला, २०२३ च्या मेमध्ये पुन्हा आला. सुगीच्या मजुरांनीही इतकी येजा केली नसेल.

२०२२ च्या मार्चपासून रशियातली व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डे परदेशी दुकानांत चालेनाशी झाली, आणि सोनी व निन्टेन्डो यांची दुकाने मिटली. युद्ध कोणी सुरू केले ते जगजाहीर आहे, आणि व्यापार तोडण्याचे हत्यार वापरणाऱ्यांना आम्ही दोष देणार नाही. एवढेच नोंदवून ठेवतो की, ज्याच्या कपाटात कॅसेट होती त्याची कॅसेट चालू राहिली, आणि ज्याचे सगळे दूरच्या दुकानातल्या खात्यात होते तो मात्र त्या दुकानाच्या मर्जीवर राहिला.

हा ‘मर्जी’ शब्द आम्ही मुद्दाम वापरला. पडद्यावर ‘विकत घ्या’ असे लिहिलेले असते, पण आपण जे घेतो तो परवाना असतो. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ साली कायदा केला की, असे असेल तर तसे स्पष्ट सांगा. तो १ जानेवारी २०२५ पासून अमलात आहे. ‘द क्रू’ नावाचा मोटारींचा खेळ २०१४ साली विकला गेला आणि ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने दूरची यंत्रणा बंद करताच डिस्क हातात असलेल्यांचाही तो मेला. त्यावरून युरोपात नागरिकांनी अर्ज केला, आणि २०२५ च्या जुलैपर्यंत त्यावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. अमेरिकेत खेळांच्या इतिहासाचे जतन करणाऱ्या एका संस्थेने २०२३ मध्ये मोजून पाहिले, तर २०१० पूर्वी तिकडे निघालेल्या खेळांपैकी शेकडा ८७ आज बाजारात मिळतच नाहीत. जे टिकले त्यांतले कित्येक, ज्यांनी कुलपे फोडून नकला करून ठेवल्या त्या लोकांमुळे टिकले. जुन्या पोथ्यांच्या नकला करणाऱ्यांनी कोणाची परवानगी विचारली होती?

आमच्या कायद्यात यासाठी थोडी जागा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५-अ हे कलम घातले गेले. कुलूप फोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण अट अशी की, फोडण्यामागे हक्कभंगाचा हेतू हवा. कायद्याने स्पष्ट मना न केलेल्या कामासाठी फोडले तर हे कलम आड येत नाही. म्हणजे आपल्या संसदेने दरवानाला चोर आणि पाहुणा यांतला फरक निदान कागदावर शिकवला आहे. आम्ही पुढे जाऊन म्हणू की, जो माल या देशात विकलाच जात नाही, त्याची परदेशात रीतसर घेतलेली प्रत येथे चालवण्याचा हक्क ऑस्ट्रेलियाप्रमाणे नाव घेऊन लिहावा. आणि कोणा सरकारने वा कंपनीने विकलेला खेळ बंद केला, तर पैसे कोणी परत द्यायचे तेही लिहावे.

टेबलावर दोन चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यांची उत्तरे देऊन आम्ही थांबतो.

पहिली चिठ्ठी विचारते, डिस्क घ्यावी की उतरवून घ्यावे? शक्य तेथे डिस्क वा कॅसेट घ्या. शेजारच्याला देता येते, कंटाळा आला की निम्म्या पैशांत विकता येते, आणि दुकान बुडाले तरी बहुतेकदा चालते. मात्र पेटीवरची बारीक अक्षरे वाचा. हल्ली काही कॅसेटींत खेळ नसतोच, नुसती किल्ली असते आणि खेळ दूरवरून उतरवावा लागतो. नवे यंत्र घेताना डिस्कची खाच नसलेले थोडे स्वस्त मिळते. ते घेतले की त्या एकाच दुकानाशी गाठ पडली असे समजा.

दुसरी चिठ्ठी एका आईची दिसते. मुलाने अमेरिकेचा पत्ता घालून खाते काढले आहे, त्याला रागवावे काय? बाईंनी आधी त्याला एवढेच विचारावे, की तो खेळ भारताच्या दुकानात रुपयांत मिळतो का. मिळत असेल आणि कुठल्या तरी गरीब देशाचा भाव लाटण्यासाठी हा उद्योग असेल, तर जरूर रागवावे. येथे मिळतच नसेल तर राग गिळावा. पण त्या खात्यात एका वेळी लागतील तेवढेच पैसे भरायला सांगावे, कारण ते खाते कंपनीने उद्या बंद केले तर तक्रार घेऊन जायला आपल्याला तेथे खिडकी नाही.